चाळीतला कांदा, रोजची भेंडी आणि ऊर्जेचा धडा

प्रश्न : ताई, मी साक्री तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ३१ मुलं आहेत. एक मुलगी पूर्ण अंध, एका मुलाला ऐकू येत नाही (मशीन आहे पण तो लावत नाही), दोघं वाचनात खूप मागे, एक गतिमंद, आणि एक मुलगा जागेवर बसतच नाही, मोठा आवाज झाला की कान झाकून ओरडतो. चार-पाच मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातला जातात. काहींची घरची भाषा अहिराणी, काहींची भिली. गेल्या वर्षी ऊर्जेच्या धड्याला मी व्हिडिओ दाखवला, तक्ते लावले, पारंपरिक-अपारंपरिकचा फरक लिहून घेतला. ती अंध मुलगी तासभर गप्प बसून होती. यंदा १४ डिसेंबरच्या ऊर्जा संवर्धन दिनाला काहीतरी नीट करायचंय, पण प्रत्येकासाठी वेगळा धडा करायचा म्हटलं तर मी दुसरं काही शिकवूच शकणार नाही. काय करू?

मॅडम, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि त्यातलं एक वाक्य डोक्यातून जाईना, "ती तासभर गप्प बसून होती". हे माझ्याही हातून झालंय. बरीच वर्षं झाली, माझ्या वर्गात एक अंध मुलगा होता, जलविद्युतचा धडा चालू होता, मी कोयना धरणाचं चित्र सगळ्यांना दाखवलं आणि त्याने विचारलं, बाई धरण केवढं असतं, मी म्हटलं खूप मोठं असतं रे, आणि पुढे गेले. रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्याला मैदानावर नेलं, तळहात पुढे कर म्हटलं आणि तांब्यातलं पाणी आधी वितभर उंचीवरून ओतलं, मग बाकावर चढून हात उंच करून ओतलं. तो म्हणाला, "बाई, हे पाणी मारतंय." मग मी सगळ्यांच्याच हातावर तसं पाणी ओतलं तेव्हा लक्षात आलं की ज्यांनी चित्र पाहिलं होतं त्यांनाही आदल्या दिवशी काही कळलेलं नव्हतं, फक्त ते गप्प बसले होते आणि याने विचारलं होतं एवढंच. कोयनेला तरी दुसरं काय होतं, धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून शेकडो मीटर खाली आणून टर्बाइनवर सोडतात, त्याच्या जोरावर १९६० मेगावॉटची यंत्रणा चालते.

म्हणून सांगते, पाच धडे करू नका. एकच धडा करा पण तो हाताला, कानाला, अंगाला लागणारा करा आणि प्रत्येक खेळात प्रत्येक मुलाचं काम असं ठेवा की ते मूल नसेल तर खेळ अडेल. अंध मुलीसाठी म्हणून जे कराल त्यातलं निम्मं तरी बाकीच्या तीसांना लागणारच आहे.

आणि डिसेंबरची वाट बघू नका. ऊसतोडीला जाणारी मुलं दिवाळीनंतर निघतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे १४ डिसेंबरला ती कुठल्यातरी कारखान्याजवळच्या कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीत) असणार. धडा सप्टेंबरमध्येच घ्या, डिसेंबरला हवं तर कार्यक्रम करा. त्या मुलांना या विषयातलं जे माहितीये ते तुम्हाला मला नाही, त्यावर येते पुढे.

आधी शब्दांचं बघू, कारण अर्धी गडबड तिथेच होते. पारंपरिक (पूर्वीपासून वापरातली) आणि अपारंपरिक, नवीकरणीय (पुन्हा भरत राहणारी) आणि अनवीकरणीय, या जोड्या बघा जरा. वाचनात मागे असलेल्या मुलाला एवढे लांब शब्द आधीच जड, त्यात दोन्हीत फरक कशाचा तर सुरुवातीच्या एका 'अ' चा. ऐकू न येणाऱ्याला ओठांवरून तो 'अ' पकडणं अवघड. आणि या दोन जोड्या म्हणजे एकच गोष्ट असंही नाही, हे मोठ्या माणसांनासुद्धा माहीत नसतं. धरणाची वीज पारंपरिक पण न संपणारी, सरपण तर सगळ्यात जुनं पण झाड पुन्हा वाढतं, आणि अणुवीज नव्या काळाची (तारापूर १९६९ चं) पण युरेनियम संपणारंच. मुलं पाठ करतात पारंपरिक म्हणजे संपणारी आणि मग धरण आलं की अडतात, त्यात त्यांची चूक नसते.

तुमच्याकडे कांदा पिकतो ना, मग कांद्यानेच सुरुवात करा. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरलेला कांदा म्हणजे साठा, काढला तेवढा कमी झाला आणि पुढचं पीक येईपर्यंत भर पडणार नाही. आणि शेतातली भेंडी म्हणजे आवक, एक दिवसाआड तोडायला येतच राहते पण तोडली नाही तर जून होऊन वाया जाते. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस, युरेनियम ही चाळ, फक्त या चाळीत पुढचं पीक येणारच नाही, कारण चंद्रपूर-वणीकडचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या झाडांपासून झालाय. ऊन, वारा, वाहतं पाणी ही भेंडी. आजचं ऊन आज वापरलं नाही तर गेलं, बॅटरीत भरलं तर थोडं राहतं. साठा आणि आवक हे शब्द बाजार समितीत जाणाऱ्या बापाच्या पोराला समजावून सांगावे लागत नाहीत आणि दोन्ही दिसायला, बोलायला एकदम वेगळे आहेत. पुस्तकातले शब्द शेवटच्या दिवशी द्या, परीक्षेत लागतात म्हणून, आणि तेव्हा सांगा की आपण साठा म्हणतो त्याला पुस्तक हे म्हणतं. घरी "संपलं" ला काय म्हणतात तेही मुलांनाच विचारा, अहिराणीतलं आणि भिलीतलं दोन्ही फळ्यावर लिहा, आपल्या घरचा शब्द फळ्यावर गेला की पोरं कशी ताठ बसतात बघा.

आता खेळ. दोन टोपल्या घ्या आणि चिंचोके. पहिल्या टोपलीत ६०, ही चाळ. वर्गाचे चार गट करा, प्रत्येक फेरीला प्रत्येक गटाने तीन चिंचोके घ्यायचे, म्हणजे फेरीला बारा जातात आणि पाचव्या फेरीला टोपली रिकामी. ती अंध मुलगी टोपलीची मालकीण, हात घालून किती उरले ते तिनेच सांगायचं, बाकीच्यांनी आत डोकावायचं नाही. दुसऱ्या टोपलीत फक्त २० टाका पण प्रत्येक फेरीनंतर त्या गतिमंद मुलाने मोजून बारा टाकायचे (बारा खड्ड्यांचा अंड्यांचा ट्रे कापून द्या, खड्डे भरले की टोपलीत ओतायचे, मग मोजणी चुकत नाही). ही टोपली संपतच नाही, मुलं कंटाळेपर्यंत खेळा. आणि मग सांगा, आता प्रत्येक गटाने तीनऐवजी पाच घ्या. पहिल्या फेरीला वीसच्या वीस जातात, बारा येतात, आणि दुसऱ्या फेरीला शेवटच्या दोन गटांना पुरतच नाहीत. तिथे थांबा. काही बोलू नका थोडा वेळ. न संपणारी टोपली का संपली, हे त्यांना भांडू दे. मला विचाराल तर अख्ख्या धड्यातली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं तीच, कारण सगळा विषय वेगाचा आहे, किती वेगाने येतं आणि किती वेगाने आपण ओढतो. जंगलातलं सरपण असंच संपतं, बोअरचं पाणी असंच खाली जातं. यादी पाठ केलेल्या मुलाला हे कधी कळत नाही. एक काळजी घ्या, वर्गात कुणी वस्तू तोंडात घालत असेल तर चिंचोक्यांऐवजी लाकडी ठोकळे घ्या.

कोळशाचं एक फार महत्त्वाचं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. खेड्यातल्या मुलाच्या डोक्यात कोळसा म्हणजे चुलीतला लाकडाचा कोळसा. तुम्ही "कोळसा जमिनीखालून काढतात" म्हटलं की ते मान डोलावतं पण डोळ्यासमोर चूलच असते, म्हणून तर पेपरात "कोळसा लाकडापासून मिळतो, झाडे लावली की परत मिळेल" असली उत्तरं येतात. दगडी कोळशाचा एक खडा कुठूनही मिळवा, लोहाराकडे विचारा, वीटभट्टीवर विचारा, आणि दोन्ही कोळसे मुलांच्या दोन हातांत द्या. चुलीतला हलका, बोटांनी चुरतो. दगडी जड, हाताला गार, नावाप्रमाणे दगडच. ती मुलगी हे तुमच्याआधी सांगेल.

उन्हाचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहा व्होल्टचं हाताएवढं सोलर पॅनल आणि छोटा बझर मिळतो, दोन वायरी जोडल्या की झालं. बाहेर उन्हात धरलं की वाजतो, पॅनलवर हात धरला की आवाज बारीक होतो, पूर्ण झाकलं की बंद. तिच्या हातात पॅनल द्या आणि म्हणा सूर्य कुठंय ते शोधून दाखव. ती पॅनल फिरवत फिरवत जिथे आवाज सगळ्यात मोठा तिथे थांबेल, आणि साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीच्या (राज्य सरकारच्या वीज कंपनीच्या) १२५ मेगावॉटच्या सौर प्रकल्पातली पॅनलं (२०१३ पासून आहेत ती) दक्षिणेकडे तोंड करून तिरकी का बसवतात हे तिला पुस्तकाशिवाय कळेल. कान झाकणाऱ्या मुलाला मात्र हा बझर अचानक ऐकवू नका, आधी सांगा, बंद असताना हातात द्या, चालू-बंद करायचा हक्क त्यालाच द्या, आवाज आपल्या हातात आहे म्हटल्यावर बऱ्याच मुलांची भीती निम्मी होते. तरी नको म्हणाला तर नको. त्याच्यासाठी आणि ऐकू न येणाऱ्यासाठी बझर काढून खेळण्यातली छोटी मोटर लावा आणि तिच्या दांडीवर खोडरबराचा तुकडा एका बाजूला खोचा, मोटर फिरली की हातात थरथरते. तेच ऊन एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला हाताला लागतं.

सगळ्यात भारी मला वाटतो तो सायकलचा डायनामो (चाकाला घासून फिरतो आणि दिव्याला वीज देतो तो), जुन्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे मिळून जाईल. सायकल उलटी करून ठेवा, डायनामो टायरला टेकवा, दिवा जोडा आणि पॅडल हाताने फिरवायला द्या. आधी डायनामो टायरपासून लांब ठेवून फिरवू दे, पॅडल हलकं जातं, मग टेकवा, एकदम जड होतं. तो जडपणा म्हणजेच वीज, ती फुकट येत नाही, कुणाच्यातरी अंगातून निघते, तुमच्या हातातून नाहीतर वाऱ्यातून नाहीतर कोळशाच्या वाफेतून. जागेवर न बसणाऱ्या मुलाला हेच काम द्या. त्याची चुळबुळ ही वर्गातली वीज आहे असं समजा, दहा मिनिटं दिवा तोच पेटता ठेवेल आणि त्या दहा मिनिटांत तो कुणाला त्रास देणार नाही हे वेगळंच.

पवनचक्क्या तर तुमच्या दारातच आहेत, ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या. वर्गात कॅलेंडर लावा आणि रोज प्रार्थनेनंतर एका मुलाने बघून सांगायचं, फिरतायत की उभ्या आहेत, फिरत असतील तर त्या तारखेला टिकली चिकटवायची. टिकलीचं काम गतिमंद मुलाला द्या, वर्षभर द्या. पावसाळ्यात टिकल्यांची रांग लागेल आणि हिवाळ्यात कितीतरी तारखा कोऱ्या जातील, मग आवक रोज सारखी नसते हे कॅलेंडरच सांगतं. आणि एक तयारी ठेवा, कुणीतरी नक्की म्हणेल की पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो, घरी ऐकलेलं असतं. हसू नका त्याला, त्याच्या आजोबांना हसल्यासारखं होतं. एवढंच दाखवा की पवनचक्की शे-सव्वाशे मीटरची आणि मान्सूनचे वारे कित्येक किलोमीटर उंचीपर्यंतचे, ओढ्याच्या पुरात काडी उभी केल्याने पूर अडतो का विचारा. मात्र सौर प्रकल्पात किंवा पवनचक्कीत जमीन गेलेल्या घरातलं मूल वर्गात असेल तर "सगळं चांगलंच चांगलं" असं सांगू नका. त्या घराने काय सोडलं हे त्या पोराला माहीत असतं. त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या, तोही धडाच आहे.

आता ऊसतोडीची मुलं. रस काढल्यावर जे चिपाड उरतं ते साखर कारखाने बॉयलरमध्ये जाळतात आणि त्यावर वीज करतात, पुष्कळ कारखाने ती विकतात सुद्धा. या मुलांनी चिपाडाचे डोंगर बघितलेत, धुरांडं बघितलंय, रात्रभर चालणारा आवाज ऐकलाय. त्यांना उभं करा आणि विचारा, चिपाड साठा की आवक? ऊस दरवर्षी येतो, मग आवक, पण उसाला पाणी किती लागतं, मग? वर्गातल्या सगळ्यात कमी हजेरीच्या मुलाला जे माहिती आहे ते इतर कुणाला नाही, ही वेळ त्याच्या आयुष्यात शाळेने क्वचित आणलेली असते. आणा तुम्ही.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी दोनच गोष्टी नेमाने करा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि धड्याच्या आदल्या दिवशी त्याला बसवून साठा, आवक, वीज, वाचवणे या चार-पाच शब्दांच्या खुणा ठरवून घ्या. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी व्हिडिओ शब्दकोश नेटवर आहे, दहा हजारावर शब्दांचा, त्यात बघा, आणि तो घरच्या खुणा वापरत असेल तर त्या पण चालू द्या. मग त्या खुणा अख्ख्या वर्गाला त्यानेच शिकवायच्या. मशीन का लावत नाही ते पण एकदा नीट विचारा, बऱ्याचदा कानात टोचत असतं नाहीतर सेल संपलेला असतो आणि घरी कुणी सांगितलेलं नसतं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आत्ताच फोन करून ठेवा, मशीनसाठी आणि त्या मुलीच्या ब्रेल मजकुरासाठी, आयत्या वेळी ते पाच शाळांमध्ये अडकलेले असतात.

नकाशा सुतळीचा करा, पुठ्ठ्यावर महाराष्ट्राची हद्द सुतळीने चिकटवा, चंद्रपूरला दगडी कोळशाचा खडा (२९२० मेगावॉट, आपल्या राज्यातलं मोठं औष्णिक केंद्र), कोयनेला काचेचा मणी, साक्रीला आणि साताऱ्याच्या चाळकेवाडीला कागदी भिरभिरं. बस.

बचतीबद्दल थोडं मोकळं बोलते, राग मानू नका. प्रभातफेरी, "वीज वाचवा देश वाचवा" च्या पाट्या, हे सगळं ज्या मुलाच्या घरी एसी-गीझर आहे त्याला ठीक आहे. ज्याच्या घरात एकच दिवा आहे आणि तोही जातो-येतो, ज्याची आई मैलभर चालून मोळी आणते, त्याने काय वाचवायचं? त्याला तुम्ही दोषी ठरवताय असं वाटतं. त्याच्या घरी ऊर्जा वाचते म्हणजे आईची एक मोळी वाचते, असं सांगा. हरभरे रात्री भिजत घातले, डाळीवर झाकण ठेवलं, चुलीवरचं भांडं उतरवायच्या जरा आधी लाकूड ओढलं तर सरपण किती कमी लागतं ते दोन दिवस घरी मोजून या म्हणा, एक दिवस झाकण न ठेवता आणि एक दिवस ठेवून, किती काटक्या लागल्या. यात लिहावं लागत नाही, वाचावं लागत नाही, काटक्यांची जुडी आणून दाखवली तरी चालते. घरी शेतीपंप असेल तर रात्रीच्या विजेवर पाणी भरायला बापाला अंधारात जावं लागतं, सौरपंप आला की दिवसा जातो, साप-बिबट्याची भीती जाते, हे मुलं तुम्हालाच सांगतील.

आणि वीज मोजायचीच असेल तर शाळेच्या मीटरजवळ जा (लांबूनच, हात लावू न देता). मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. सगळं बंद करा, फक्त नऊ वॅटचा एक एलईडी लावा, लाल दिवा दोन मिनिटांतून एकदा लुकलुकेल. मग हजार वॅटची इस्त्री लावा, मिनिटाला पन्नासच्या वर. ऐकू न येणाऱ्या मुलाने लुकलुक बघून टेबलावर थाप मारायची आणि त्या मुलीने थापा मोजायच्या. दोघं मिळून मीटर वाचतात, एकाला दुसऱ्याशिवाय जमत नाही.

परीक्षेचं विचारलं नाहीत तरी सांगते, "फरक स्पष्ट करा" सगळ्यांकडून लिहूनच घ्यायला पाहिजे असं नाही. तोंडी घ्या, वस्तू दोन टोपल्यांत लावून घ्या, हाताने करून दाखवू द्या. एकच प्रश्न मात्र सगळ्यांना सारखा ठेवा, गतिमंद मुलाला पण, की ही टोपली संपेल का आणि का? त्याला "टाकलं नाही तर संपेल" एवढं सांगता आलं तर पूर्ण मार्क द्या, कारण उत्तर तेच आहे.

सामानाला सगळं मिळून पाचेकशे रुपये लागतील, पॅनल, बझर, मोटर, जुना डायनामो. सगळं एका आठवड्यात बसवायला जाऊ नका, चिंचोके आणि डायनामो या दोनपासून सुरू करा. आणि ती मुलगी पॅनल घेऊन सूर्य शोधायला लागली की ती काय म्हणाली तेवढं मला कळवा.